कण छिद्रात की छिद्रावर?

तुमच्या हातात टीईएमची एक इमेज आहे. सच्छिद्र सिलिका आणि त्यावर धातूचे काळे ठिपके. गाईड विचारतात, "हे कण छिद्रांच्या आत आहेत की बाहेर?" उत्प्रेरक किती टिकेल हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. पहिल्या वर्षी मी छातीठोकपणे "आत" म्हणून मोकळा झालो होतो. कशावरून? कशावरूनच नाही. ती इमेज म्हणजे सावली असते, जाडीतलं सगळं त्यात एकावर एक पडलेलं असतं.

सावल्यांवरून मूळ आकार काढायचं गणित योहान राडॉननं १९१७ मध्येच मांडलं होतं. १९६८ मध्ये केंब्रिजला डी रोझिए आणि ॲरन क्लुग यांनी टी४ विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या इमेजवरून काढली. शेपटी सर्पिल असल्यानं एकाच इमेजमध्ये तिच्या अनेक बाजू आयत्या मिळाल्या. मग मटेरियल सायन्समध्ये हे तंत्र रुळायला पुढे तीसेक वर्षं का लागली? इथे जरा थांबा, कारण रिव्ह्यू पेपर वाचताना नेमका हाच भाग आपण गाळतो.

टोमोग्राफीची एक अट आहे: जाडी वाढत जाईल तशी इमेजची तीव्रताही एकाच दिशेनं बदलत गेली पाहिजे. जीवशास्त्रातले नमुने ती बऱ्यापैकी पाळतात. धातू मात्र पडला स्फटिकी. नमुना एखाद-दोन अंश कलवला, ब्रॅगची अट जुळली, की तोच कण एकदम काळा होतो. आणखी थोडा कलवा, पुन्हा फिका. जाडी तेवढीच! संगणकाला बिचाऱ्याला हे कसं कळणार?

तोडगा २००१ च्या सुमारास केंब्रिजमध्येच, मिजली आणि वेलँड यांच्या कामातून पुढे आला. बारीक इलेक्ट्रॉन शलाका नमुन्यावरून फिरवायची आणि मोठ्या कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉनच कडीसारख्या डिटेक्टरनं मोजायचे. विवर्तनाचा गोंधळ बराचसा गळून पडतो आणि जड अणू उजळ दिसतात.

मग मीही उणे ७० ते अधिक ७० अंश, दर अंशाला एक अशा १४१ इमेज घेतल्या. बरेच कण बाहेर निघाले. सहाएक कणांचं अजून ठरत नाही: ७० अंशांपलीकडे होल्डर वळत नाही, तिथली माहितीच नसते, त्यामुळे शलाकेच्या दिशेनं प्रत्येक कण ताणल्यासारखा दिसतो. हे सहा नेमके छिद्रांच्या तोंडाशी आहेत.