वाट सरकारी, ओसरी कुणाची?

आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर या दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ ला बसली. चौपदरी रस्ता आणि कडेनं वारकऱ्यांसाठी पायवाट. रस्ता आला की मागनं लॉज येतं, 'ग्रामीण पर्यटन' येतं. घरात पाहुणा उतरवा, पिठलं-भाकरी घाला, चार पैसे मिळवा. बेत वाईट नाही. पण दोस्तांनो, पाहुणा कुणाच्या घरी उतरणार आणि कुणाला उतरू देणार, हा सवाल जुना आहे. तो इतिहास आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

कुणी म्हणेल, १९५६ ला आपण विठोबा सोडला, आता वारीशी आपला काय संबंध? मी दर्शनाबद्दल बोलतच नाही. मी बोलतोय छपराबद्दल आणि रोजीबद्दल.

वाटेवरच्या वाटसरूला पुढचा रस्ता दाखवायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, ही महार वतनातली कामं होती. १९५८ च्या कायद्यानं ते वतन संपलं. तोवर पिढ्यान् पिढ्या वाट दाखवणारे आपण, आणि ओसरीवर टेकणारा दुसराच. पंढरपुरात तरी काय वेगळं होतं? चोखोबाची समाधी देवळाच्या बाहेर, पायरीपाशी. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठं दार उघडायचं ठरलं. वाटेवरही तीच गत. इरावती कर्वे वारीला चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात लिहून गेल्या, की एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते. या दोघांत ही तऱ्हा, मग आपल्या बापजाद्यांना कुणी ओसरी दिली असेल?

शिकला की जागा मिळते, हेही खोटं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पारशी नाव लावून ते पारशांच्या सराईत राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. राहायला जागा नाही म्हणून नोकरी सुटली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. छप्पर नाकारलं की पोटही मारलं जातं.

आता १९२३ कडे या. ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पैशावर बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. याच ठरावाच्या बळावर १९२७ ला महाडचं चवदार तळं गाठलं. आपली पोरं तळं लक्षात ठेवतात, त्याच ठरावातली 'धर्मशाळा' विसरतात. ठरावाचं सूत्र सरळ आहे. पैसा सगळ्यांचा, तर दार सगळ्यांना.

ठराव झाला म्हणून दारं लगेच उघडली नाहीत. आपल्या माणसांना पंढरीत उतरायला जागा हवी म्हणून १९२० च्या सुमारास गाडगेबाबांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढं १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, पोरांच्या वसतिगृहासाठी. वारकऱ्याच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्याच्या अभ्यासाची झाली. माझ्या लेखी या वाटेवरचा हा सगळ्यात मोठा मुक्काम.

आणि आज? २०२० साली महाराष्ट्र सरकारनं कृषी पर्यटन धोरण आणलं. नावातच शेती. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचं घर गावकुसाबाहेर, त्यानं पाहुणा कुठं उतरवायचा? त्याच्या वाट्याला काय येणार? पाहुण्याची खरकटी भांडी आणि संडास. म्हणजे जुनं वतनच, फक्त पाटी नवी.

दुसरा डाव 'घरगुती' या शब्दाचा. घर माझं, मर्जी माझी, आडनाव सांगा. इथं कायदा माहीत पाहिजे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात 'हॉटेल' या शब्दात खानावळ येते, लॉजिंग-हाऊसही येतं. पैसे घेऊन परक्याला उतरवून घेतलं की ते नुसतं घर राहत नाही, असं माझं म्हणणं. अस्पृश्य म्हणून दार लावलं, तर तो गुन्हा.

तेव्हा सासवड, लोणंद, फलटण, माळशिरस, जिथं जिथं पालखीचा तळ पडतो, तिथल्या कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं. पर्यटनाचा सरकारी पैसा किती आला? कुणाच्या घराला मिळाला? आपल्या वस्तीतल्या किती घरांचे अर्ज घेतले? जागेचा कागद नसेल तर आधी कागद मागावा. पंचायतीच्या जागेवर निवास बांधला, तर तो चालवायला आपल्या बायांच्या बचत गटाला मिळावा, आणि नुसत्या झाडलोटीला नाही, गल्ल्यावर बसायला. उत्तर लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनावर आपल्या तीन पिढ्या उपाशी झोपल्या.