धावपट्टी आणि पाण्याची वाट

मुंबईला जाणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला आपण बेटावर उतरतो आहोत, हे जाणवतही नाही. रेल्वे खाडीवरचा पूल ओलांडते तेव्हा निम्मा डबा झोपेत असतो. पण अंधेरी, सांताक्रूझ, सहार ही सगळी गावं साष्टी बेटावरची. त्याच्या पश्चिमेला जुहू, तेही एकेकाळी वेगळं, लहानसं बेट होतं. मुंबईचा विमानतळ याच जमिनीवर जन्मला आणि वाढला. त्याची गोष्ट सांगताना सगळे विमानांविषयी बोलतात. मी आज पाण्याविषयी बोलणार आहे.

सुरुवात जुहूची. १९२८ साली इथे देशातला पहिला नागरी विमानतळ सुरू झाला. विमानतळ म्हणजे काय, तर समुद्रालगतची चिखलाची सपाटी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला थांबून ते आपल्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानानं इथेच उतरले. पण पावसाळा आला की ही जमीन पाण्याखाली जाई. मग टाटांची हवाई टपालसेवा आपलं बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्याच्या माळावर नेई आणि पाऊस सरला की परत येई. माणसानं पाण्यापुढे नमतं घेण्याचे ते दिवस होते.

पुढे तसं राहिलं नाही. विमानं मोठी झाली, जुहू अपुरं पडू लागलं. जवळच सांताक्रूझला अधिक मोठा तळ उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाईदलाकडे होता. युद्ध संपल्यावर तो नागरी वाहतुकीसाठी खुला झाला, तेव्हा प्रवाशांसाठी वेगळी इमारतसुद्धा नव्हती. विमानं ठेवायच्या दोन जुन्या हँगरांतच प्रवाशांची सोय केली होती. नवी इमारत १९५८ मध्ये आली. जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ, की वैमानिकही फसत. १९५३ मध्ये एक ‘कॉमेट’ आणि १९७२ मध्ये जपानचं एक मोठं जेट सांताक्रूझ समजून चक्क जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं!

मग आखाताचे दिवस आले. सत्तरच्या दशकात तेलाच्या देशांकडे कामाला जाणाऱ्यांची रीघ लागली. १९७९ मध्ये सांताक्रूझच्या इमारतीला आग लागली, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून जे टर्मिनल उभारलं, त्याला ‘गल्फ टर्मिनल’ असंच म्हणत. १९८१ मध्ये सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं. पुढे १९९५ पासून हजची जहाजं बंद झाली. पूर्वी आमच्याकडचे हाजी आगगाडीनं मुंबई गाठत, मुसाफिरखान्यात मुक्काम करत आणि बंदरावर जात. आता बंदराची वाट सुटली, विमानतळाची धरावी लागली.

या साऱ्या गर्दीला जागा लागत होती, आणि बेटावर जागा मोजकीच. विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. भोवती दाट वस्ती. आणि मधून वाहणारी मिठी नदी. विहार आणि पवईच्या तलावांतून ओसंडणारं पाणी माहीमच्या खाडीत नेणारी ही नदी विमानतळाच्या बांधकामासाठी काटकोनात वळवली गेली, धावपट्टीखालून काढली गेली. विमानतळाबाहेरही तिच्या पात्रात भराव पडले, वस्त्या आणि कारखाने आले. नदी आहे हेच लोक विसरले. तिला नाला म्हणू लागले.

आपल्याकडचा शेतकरी जाणतो, धुऱ्यावरचं पाणी अडवलं की ते जिरत नाही, शेजारच्या वावरात शिरतं. २६ जुलै २००५ रोजी हेच झालं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाशिममध्ये अख्ख्या वर्षात साधारण एवढाच पडतो. त्यात भरतीची वेळ. मिठी आपल्या जुन्या जागा शोधत बाहेर आली. धावपट्ट्या बुडाल्या, विमानतळ बंद पडला. पण विमानं थांबली हा त्यातला लहान भाग. कुर्ला, कलिना, वांद्र्याच्या सखल वस्त्यांत माणसं बुडाली. पुराची कारणं शोधायला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नदी रुंद आणि खोल करण्याची कामं त्यानंतर हाती घेण्यात आली.

२००६ मध्ये विमानतळ खासगी भागीदारीत गेला. २०१४ मध्ये सहारला नवं, देखणं टर्मिनल उघडलं. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली, तीही एका वेळी एकच धावपट्टी वापरून. हे कौशल्य खरंच कौतुकाचं. पण बेट काही वाढत नव्हतं. म्हणून दुसरा विमानतळ खाडीपलीकडे, नवी मुंबईत काढावा लागला. त्याचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथून विमानं उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली, दहा गावांतली घरं उठली. मुंबईनं जे शंभर वर्षांत हळूहळू केलं, ते इथे काही वर्षांत झालं.

विमानतळ नको असं मी म्हणत नाही. आखातातल्या पोराला आईच्या मातीला वेळेवर पोचवणारं तेच एक साधन आहे. पण धावपट्टी किती लांब झाली, प्रवासी किती वाढले, हे आकडे आपण ज्या हौसेनं वाचतो, त्याच हौसेनं आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. इथलं पाणी आता कुणीकडे जाणार? आणि ते जिथे जाणार, तिथे कोण राहतं?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)