पुणे ते हॅनोव्हर : रॅकेट हलकी कशी झाली

मंडळाच्या शनिवारच्या बॅडमिंटनला मुलांना घेऊन येणारे पालक दर हिवाळ्यात एकच प्रश्न विचारतात : "रॅकेट कोणती घ्यावी? हलकी घ्यावी म्हणतात, ते खरे का?" उत्तर एका ओळीत देता आले असते. पण मागच्या हिवाळ्यात आमचेच चुकले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या नऊ वर्षांच्या कन्येसाठी आम्ही दुकानातली सर्वांत हलकी रॅकेट आणली. मोठे खेळाडू ताण भरपूर ठेवतात असे ऐकले होते, म्हणून गटिंगही १२ किलोंवर करून घेतले. तीन आठवड्यांत तिचे कोपर दुखू लागले आणि चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "मला नाही यायचं." नुसता खेळ सुटला असता तर एक वेळ चालले असते. पण घराबाहेर ती मराठी बोलते ती आठवड्यातल्या त्या दोन तासांतच. ते सुटणे आम्हाला परवडणारे नव्हते.

त्याच सुमारास केलर आवरताना पुण्याहून आणलेली आजोबांची रॅकेट हाती लागली. लाकडी चौकट, पोलादी दांडी, आणि चौकट वाकू नये म्हणून चार स्क्रूंचा प्रेस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर १३० ग्रॅमच्या आसपास भरली. कन्येची नवी रॅकेट ७८ ग्रॅमची! मग इतक्या जड रॅकेटने आजोबा सत्तरीपर्यंत खेळले, आणि हलकी रॅकेट घेऊन आमच्या मुलीचा हात का दुखावा? रसायनशास्त्राची सवय असल्यामुळे आम्ही मुळापासून सुरुवात केली.

मूळ तर आपल्याच गावात निघाले. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये हा खेळ इतका रुजला की त्याला 'पूना' असेच म्हणत. १८७३ च्या सुमारास त्याचे नियमही पुण्यात लिहिले गेले, असे मानतात. पुढे इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या 'बॅडमिंटन हाउस' या वाड्याचे नाव खेळाला चिकटले आणि आपल्या पुण्याचे नाव मागे पडले. जर्मनीत पहिला क्लब १९०२ मध्ये बाड होम्बुर्गला निघाला आणि राष्ट्रीय संघटना १९५३ मध्ये स्थापन झाली. तरी उन्हाळ्यात माशझेच्या काठी लोक जे खेळतात त्याला इकडे अजून 'फेडरबाल'च म्हणतात, म्हणजे पिसांचा चेंडू.

पुण्यात मात्र साहेब गेला तरी खेळ राहिला. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला. २०२१ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

हा सारा काळ लाकडाचा आणि आतड्याचा. आपण ज्याला 'गटिंग' म्हणतो त्यातला 'गट' म्हणजे आतडेच, मेंढ्या-गुरांचे. (घरात अंडे येऊ न देणाऱ्या आमच्या आजोबांना हे ठाऊक होते की नाही, हे विचारायचे राहून गेले.) आतड्याचा तंतू म्हणजे कोलॅजेन. तो पाणी शोषतो, म्हणून पावसाळ्यात गट ढिली पडे. लाकूडही दमट हवेत वाकते, म्हणून तो प्रेस. आणि महत्त्वाचे म्हणजे लाकडी चौकटीला फार ताण सोसत नसे, त्यामुळे गटिंग मऊच ठेवावे लागे.

हे सारे रसायनशास्त्राने बदलले. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन बनवले. १९३८ मध्ये बर्लिनमध्ये पाउल श्लाक यांनी त्याचाच भाऊ शोभेल असा पेर्लॉन बनवला. आतड्याची जागा या कुटुंबातल्या धाग्यांनी घेतली. लाकडाची कथा आणखी मजेची आहे. जपानमध्ये मिनोरू योनेयामा मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे लाकडी तरंगे बनवत. प्लास्टिकचे तरंगे आले आणि धंदा बसला, तेव्हा १९५७ मध्ये ते बॅडमिंटनच्या रॅकेटी बनवू लागले. हीच आजची योनेक्स. एकदा हात पोळल्यावर ते लाकडाला चिकटून राहिले नाहीत. त्यांच्या रॅकेटी आधी ॲल्युमिनियमच्या आणि मग कार्बनच्या झाल्या.

कार्बनचा धागा बनतो तो आपल्या ॲक्रिलिक स्वेटरच्या जातीच्याच धाग्यापासून. तो आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर तापवतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंशांच्या वर. बाकी सारे उडून जाते आणि मागे जवळजवळ शुद्ध कार्बन उरतो. राळेत बसवलेल्या या धाग्याची घनता १.६ च्या आसपास भरते. ॲल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ आहे. म्हणून चौकट बारीक, हलकी आणि तरीही ताठ करता आली. ताठ चौकट जास्त ताण सोसते, म्हणून गटही घट्ट ओढता येऊ लागली.

इथेच आमची चूक कळली. आजोबांची रॅकेट जड होती, पण गट मऊ. फटक्याचा हादरा लाकडात आणि गटमध्ये बराचसा जिरे. आम्ही हलकी चौकट घेतली आणि तिच्यावर कडक गट चढवली. मग हादरा जिरायचा कुठे? तो नऊ वर्षांच्या कोपरात गेला.

आता निवडीबद्दल. रॅकेटच्या मुठीजवळ '४यू जी५' असे काहीतरी लिहिलेले असते. यू म्हणजे गटिंगशिवायचे वजन : ३यू ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना आणि आपल्यासारख्या शनिवारच्या खेळाडूंना ४यू उत्तम, लहानांना ५यू किंवा आखूड दांडीची मुलांची रॅकेट. पण केवळ वजन पाहू नये. रॅकेट बोटावर तोलून पाहा. काही अतिहलक्या रॅकेटी डोक्याकडे जड केलेल्या असतात आणि काट्यावर हलक्या असल्या तरी हाताला जड लागतात. दांडी लवचीक असावी.

गटिंगबाबत इकडचा दुकानदार 'श्पानुंग' किती, असे किलोत विचारतो. नवशिक्यांना ८ ते ९ किलो, म्हणजे १८ ते २० पौंड, पुरे. ताण कमी असला की गटवर चांगला फटका बसण्याची जागा मोठी मिळते आणि फूल सहज लांब जाते. धागा ०.७० मिलिमीटरचा घ्यावा. ०.६५ चा झणझणीत वाजतो, पण लवकर तुटतो. चौकटीवर छापलेला कमाल ताण कधीही ओलांडू नये. नायलॉनही हळूहळू ढिले पडते, तेव्हा नवी रॅकेट घेण्याआधी नवे गटिंग करून पाहावे. ते पुष्कळ स्वस्तही पडते.

आम्ही कन्येला महिनाभर विश्रांती दिली, डॉक्टरांना कोपर दाखवले आणि त्याच रॅकेटचे गटिंग साडेआठ किलोंवर करून आणले. आता ती पुन्हा शनिवारी येते. परवा तिने आजोबांची रॅकेट प्रेसमधून सोडवून हातात घेतली, एकदा हवेत फिरवली आणि विचारले, "पणजोबा याच्याने खेळायचे? पुण्यात?" आम्ही हो म्हटले. तिने रॅकेट परत प्रेसमध्ये ठेवली आणि चारही स्क्रू स्वतः घट्ट केले.

हॉलवर येताना मुलांच्या रॅकेटी जरूर दाखवा. मुठीजवळचे बारीक अक्षर आपण मिळून वाचू.