सोबतीण : जामखेड ते हार्लेम

इतिहास म्हटला की नगरकरांच्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला आणि चांदबिबी उभी राहते. त्यात वावगे काही नाही. पण आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यात, अहिल्याबाईंची चौंडी ज्या तालुक्यात आहे त्या जामखेडात, अलीकडे एक निराळा इतिहास घडला. त्यात तोफा नाहीत, तह नाहीत. आजारी बाईला दवाखान्यापर्यंत नेते कोण, एवढ्या साध्या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

हा प्रश्न आपण स्तनाच्या कर्करोगापुरता घेऊ. या रोगाची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी खुरपणीचा रोज बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याला कोण जाईल? शिवाय जागा अशी की बाई ती सासूलाही दाखवायची नाही. मग परक्या पुरुष डॉक्टरची गोष्टच सोडा. धीर करून गेलीच, तर तपासणी एका गावी, गाठीचा तुकडा काढून त्याची परीक्षा दुसऱ्या शहरी, शस्त्रक्रिया तिसरीकडे आणि किरणोपचारासाठी आठवडेच्या आठवडे परगावी मुक्काम. या चार टप्प्यांत कुठे तरी बाई मागे फिरते. वेळीच धरला तर बरा होऊ शकणारा रोग तिला नेतो तो असा.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरला वैद्यक शिकलेले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. आरंभी त्यांनी शिक्षित परिचारिका खेड्यांत धाडल्या. हा बेत फसला. परक्या गावच्या, तरुण, शिकलेल्या मुलीपाशी खेड्यातली बाई मन मोकळे करीना. तेव्हा उलटा मार्ग धरला गेला : गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला जामखेडला शिकवावे. निवडल्या गेलेल्यांत पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एका पंगतीला जेवत, शिकलेले तोंडपाठ करून गावी परतत. अक्षरओळख नसलेली बाई आरोग्य काय सांभाळणार, अशी शंका त्या काळी शहाण्यांनी घेतली असल्यास नवल नाही. पण जिने स्वतः बाळंतपणे सोसली, पोर गमावले, तिला शेजारणीच्या मनातले भय पुस्तकाविना वाचता येत होते.

या स्त्रियांचे काम कर्करोगाचे नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाळंतपण, मुलांचे जुलाब, क्षय, कुष्ठ हे त्यांचे विषय. तथापि कुष्ठरोग हाही लपवण्याचा रोग. लपवलेले दुखणे उजेडात आणायचे तर औषधाच्या आधी विश्वासाचे माणूस लागते, हे जामखेडने दाखवले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या प्रयोगाची हकीकत आली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, त्यांच्या पूर्वजांत जामखेडच्या या बायका मोजाव्या लागतात.

कर्करोगाचे पाऊल पडले ते शेजारी, बार्शीला. १९८७ पासून तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम-परांड्याची खेडीही तीत आली. नोंद घेणारे कार्यकर्ते नुसते आकडे लिहून थांबले नाहीत. गावोगाव लोकांना लक्षणे समजावीत फिरले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत इस्पितळात येऊ लागल्या.

आता थोडे सातासमुद्रापार जाऊ. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बहुतांशी काळ्या वर्णाच्या गरीब स्त्रिया उपचाराला येत. १९८६ पर्यंतच्या बावीस वर्षांत तेथील स्तनकर्करोगाच्या ६०६ रुग्णांपैकी पाच वर्षे जगल्या अवघ्या शेकडा ३९. डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन या शल्यविशारदांनी १९९० मध्ये प्रत्येक संशयित रुग्णाला एक वाटाड्या दिला. कागद भरणे, तारीख मिळवणे, खर्चाची सोय पाहणे हे त्याचे काम. जोडीला स्वस्त वा मोफत तपासणी होती. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत हेच प्रमाण शेकडा ७० झाले. वाटाड्याचा वाटा किती आणि तपासणीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण दोन्ही मिळून फरक पडला.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात रोग लवकर सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे शेकडा ३० नी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच रुग्णालयाने रुग्णांना वाट दाखवणारी माणसे घडवण्याचा अभ्यासक्रम काढला आणि त्याला नाव दिले ‘केवट’. रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्याचे नाव. इतके नेमके नाव सरकारी कचेरीत सुचले नसते. तरी सरकारी जनआरोग्य योजनेतला ‘आरोग्यमित्र’ही त्याच कुळीचा.

म्हणजे गावात आशा आहे, रुग्णालयात केवट आणि आरोग्यमित्र आहेत. परंतु जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर आणि तेथून पुणे-मुंबई पुढे. गाव सुटल्यापासून रुग्णालयाचे दार येईपर्यंत बाईच्या शेजारी कोण बसते? बहुधा नवरा, नाही तर शाळा बुडवून आलेली मुलगी. आणि मांडीवरची फाइल दोघींनाही वाचता येत नाही, कारण ती इंग्रजीत असते.