गिऱ्हाईक होतं, भाग नव्हता
चांगली वस्तू बंद पडली की आपण म्हणतो, गिऱ्हाईक उरलं नसेल. इंजिनिअर असूनही मीही तेच धरून चालायचो. एलएस३/५ए या छोट्या, महागड्या स्पीकरने माझा समज मोडला. १९७०च्या दशकात बीबीसीने तो बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवला. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ या लहान ब्रिटिश कंपन्या परवान्यावर तो बनवत. पण आतले बी११० आणि टी२७ हे दोन्ही ड्रायव्हर केईएफ कंपनीचे. आवाजाची मापं इतकी काटेकोर, की दुसरे सहज बसवता येत नसत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस केईएफने ते बनवणं थांबवलं; चाहते असूनही स्पीकर थांबला.

आपल्याकडच्या बंद कारखान्यांबद्दल लिहिताना मी आता आधी विचारतो: गिऱ्हाईक गेलं, की सुटा भाग?