देहूरोड ते दादर : आपल्या गर्दीचा इतिहास

सहा डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्तीत एकच विचारणा सुरू होते, 'यंदा चैत्यभूमीला कोण कोण निघणार?' त्याच वेळी कारखान्यात, ऑफिसात दुसरी कुजबुज ऐकू येते, 'आता दोन दिवस गाडीत पाय ठेवायला जागा मिळायची नाही.' या दुसऱ्या बोलण्यात एक आरोप दडलेला आहे. गर्दी करणे ही जणू आपल्या समाजाची सवय आहे, असा तो आरोप. ऐकून ऐकून आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही तो खरा वाटू लागला आहे. म्हणून या स्मरणिकेत धम्मावर लिहिणारे जाणकार पुष्कळ असताना मी आगगाडीवर लिहायला बसलो आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. आपल्या भागाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. खंडाळा ते पुणे ही लाईन १४ जून १८५८ ला सुरू झाली. म्हणजे दापोडी, चिंचवडच्या माळावरून आगगाडी धावू लागली तेव्हा घाटात रूळच नव्हते. मुंबईकडची गाडी घाटाखाली खोपोलीला थांबायची, पुण्याची गाडी घाटावर खंडाळ्याला. मधला डोंगर पालखीत बसून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा. पैसेवाल्यांना पालखी, बाकीच्यांना स्वतःचे पाय. असे पाच वर्षे चालले. २१ एप्रिल १८६३ ला बोरघाटाची लाईन खुली झाली.

हा घाट फोडायला १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२ हजारांवर मजूर राबत होते. पंचवीस बोगदे खोदले गेले. पटकीने, तापाने, सुरुंगाने माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज इथे येऊन थोड्याच दिवसांत आजाराने वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालवले. त्या बाईचे कौतुक जरूर व्हावे. पण ज्या हजारोंनी पाट्या वाहिल्या त्यांचे एक नाव कुठे कोरलेले नाही. घाटातून जाताना मला बोगद्यांपेक्षा तेच जास्त आठवतात.

आगगाडीने शिवाशिव मोडली असे पुस्तकांतून लिहितात. अर्धेच खरे आहे. तिकीट काढले की डब्यात जात विचारून बसवता येत नव्हते, हे बरोबर. पण डब्याच्या बाहेर काय होते? १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनला उतरले. अंगावर नीटनेटके कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला भीमरावांनी 'महार' असे खरे उत्तर दिले आणि त्याचा चेहराच फिरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे मिळाले तरी पोरांना घेऊन जायला तयार नव्हते. शेवटी एक जण कबूल झाला, तो या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो आपला बाजूने चालत येणार. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. तिकिटाचे पैसे रेल्वेने घेतले होते, पण स्टेशनाच्या फाटकाबाहेर त्या तिकिटाची किंमत शून्य होती.

रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, हे त्यांनी तिथे मांडले. पोर्टरची जागासुद्धा मिळत नव्हती, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि घरात अस्पृश्य कसा चालेल! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे गाजलेले बोल याच परिषदेतले. आपल्या युनियनच्या पोरांपैकी किती जणांना हे माहीत आहे की ते भाषण रेल्वे कामगारांपुढे झाले होते?

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडला स्वतःच्या हाताने बसवली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. त्याच काळात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहत होता. १९६० नंतर एम.आय.डी.सी. आली, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. मराठवाडा, सोलापूर, सातारा, विदर्भ, सगळीकडून माणसे आली आणि त्यांतले पुष्कळ आपले होते. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका. कामाला माणसे हवी होती, पण त्यांनी गावी कसे जायचे, चैत्यभूमीला कसे जायचे याचा विचार कोणी केला नव्हता. चाकणची तर गंमतच आहे. एवढी मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तरी तिथे प्रवासी रेल्वे आजही नाही.

पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ ला सुरू झाली. त्या वेळी रेल्वेमंत्री होते मधू दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यातल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या त्यांच्याच काळात बसू लागल्या. त्याआधी १९७४ ला 'तिसरा वर्ग' हे नाव कागदावरून गेले होते, फळ्या मात्र तिसऱ्या वर्गाच्याच होत्या. गरिबाच्या पाठीखाली गादी हवी, हे रेल्वे सुरू झाल्यावर सव्वाशे वर्षांनी सुचले म्हणायचे!

या लोकलने आपल्याला फार दिले. चौसष्ट किलोमीटर, पुणे धरून सतरा स्टेशने. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, म्हणजे आपल्या वस्त्यांची यादीच. २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर जायचे तर लोकल. रविवारी पोरांना भाजे, कार्ल्याची लेणी दाखवायची तर मळवलीला उतरायचे, तेही लोकलने. भाजे इसवी सनाच्या आधीचे, कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे. तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. घाट चढून येणारे व्यापारी याच वाटेने जात आणि भिक्खूंना दान देत. म्हणजे हा घाट इंग्रजांनी शोधलेला नाही, आपल्या धम्माची ती जुनी वाट आहे.

पण ही लोकल लोणावळ्याला संपते. मुंबईची लोकल कर्जतला संपते. मध्ये अठ्ठावीस किलोमीटरचा घाट. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात (कर्जतचा वडा खायला वेळ मिळतो तो त्यामुळेच), आणि खाली उतरणाऱ्या गाडीला ब्रेकची तपासणी व वेगाची मर्यादा. उपनगरी लोकल घाटातून चालवत नाहीत. त्यामुळे पिंपरीहून दादरला जाणाऱ्याला लोकलचे स्वस्त तिकीट अर्ध्या वाटेपर्यंतच कामाचे. पुढे लांबून भरून आलेली मेल-एक्स्प्रेस पकडायची. तिचा जनरल डबा दौंडलाच भरलेला असतो. आतले दार उघडत नाहीत, बाहेरचे दार सोडत नाहीत. दोघांचेही बरोबर, आणि भांडण मात्र आपापसात. १८५८ साली खंडाळ्याला जे होते तेच थोड्या वेगळ्या रूपात अजून आहे.

आणखी एक गोष्ट. घाटात तीन रूळमार्ग आहेत आणि सपाटीला, लोणावळा ते पुणे, दोनच. त्याच दोन रुळांवर एक्स्प्रेस, मालगाडी, लोकल सगळे. जादा लोकल मागितली की 'मार्ग मोकळा नाही' हे उत्तर येते आणि ते खोटे नसते. तिसऱ्या, चौथ्या मार्गाची मागणी कित्येक वर्षे चालू आहे.

डब्यांचा हिशेब आता बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. जुन्या आय.सी.एफ. बनावटीच्या जनरल डब्यात नव्वदच्या आसपास बसण्याच्या जागा असत, नव्या एल.एच.बी. डब्यात शंभर. वीस-बावीस डब्यांच्या गाडीला पूर्वी जनरल डबे दोन, फार तर तीन. चार धरले तरी चारशे जागा झाल्या. अचानक निघणारा, आरक्षण न परवडणारा, हंगामी कामगार, म्हातारी माणसे, सगळे त्या चारशेत. बाकीचे डबे आधीच भरलेल्या जागांचे. 'गरीब रथ' नावाची गाडी पुण्याहून नागपूरला जाते, तिला जनरल डबा एकही नाही. १० ऑगस्ट २०२५ ला अजनी-पुणे 'वंदे भारत' सुरू झाली, तीही सगळी वातानुकूलित. गाड्या चांगल्या आहेत, माझा विरोध नाही. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मोलकरणीला त्यांचा उपयोग किती, हे विचारले पाहिजे.

बाहेरगावच्या यात्रांना रेल्वे पहिल्यापासून ओळखून आहे. इंग्रजी अमदानीत जत्रेला जाणाऱ्या लोकांना मालगाडीच्या वाघिणीत कोंबून नेत. कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाईटची छोटी गाडी गेली, तिच्या उत्पन्नात वारकऱ्यांचा वाटा मोठा. आज आषाढीला, गणपतीला, कुंभमेळ्याला जादा गाड्या सुटतात. आपल्या माणसांसाठी त्या सुटायला वेळ लागला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, दुसऱ्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार. तेव्हापासून लोक येत राहिले. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन झाले, गर्दी वाढतच गेली. आता मध्य रेल्वे नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सोडते, सोलापूर-कलबुर्गीच्या बाजूनेही सोडल्या गेल्या आहेत. पाच-सहा डिसेंबरच्या रात्री परळहून कुर्ला, ठाणे, कल्याणकडे आणि हार्बरला वाशी-पनवेलकडे जादा लोकल धावतात. कल्याणच्या पुढे, घाटाकडे तोंड करून बसलेल्या आपल्यासारख्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याही लोकांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. आरक्षण केलेल्या म्हाताऱ्याला उठवून त्याच्या जागी बसणे, साखळी ओढणे, 'आज तिकीट कशाला' म्हणणे, हे बाबासाहेबांच्या नावाने होता कामा नये. असे करणारे थोडे असतात, पण फोटो त्यांचाच छापून येतो.

तरीही मोजमाप सारखे लावा. जुलै-ऑगस्टच्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणावर जायला याच लोकलला तरुण मुले दारात लटकलेली असतात. त्यांना कोणी 'तुमच्या समाजाची सवय' म्हणत नाही. मुंबईत रेल्वेचे अधिकारीच गर्दीच्या लोकलसाठी एक शब्द वापरतात, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसे! ते रोजचे आहे, त्याला सहा डिसेंबर लागत नाही. आणि २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दादरच्या जवळच परळ-एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे गेली. ती यात्रेला निघाली नव्हती, कामाला निघाली होती. पूल अरुंद होता, पाऊस होता, गर्दी रोजची होती. जुना पूल अपुरा आहे ही तक्रार आधीपासून होती. माणसे गेल्यावर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. म्हणजे मनात आणले तर होते.

२००२ ला द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून आपल्याकडच्या पुष्कळ मंडळांनी रेल्वेचा नाद सोडून बस काढायला सुरुवात केली. वर्गणी काढून बस करणे सोयीचे, पण माणशी खर्च लोकलच्या कितीतरी पट. ज्या घरात चार माणसे आहेत त्यातला एकच मग जातो, बहुधा बाप्या. बायका घरी राहतात. हे मला सर्वात जास्त खटकते. २०२० साली कोरोनामुळे लोकल बंद होती आणि सरकारने घरूनच अभिवादन करा असे सांगितले, तेव्हा सगळेच घरी होते. ते समजण्यासारखे होते. पण भाडे परवडत नाही म्हणून उपासिकेने दरवर्षी घरी बसावे, हे समजण्यासारखे नाही.

म्हणून विहाराच्या बैठकीत मी मांडले ते इथेही लिहितो. पाच डिसेंबरच्या रात्री पुण्याहून दादरला एक पूर्ण अनारक्षित गाडी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, देहूरोडला थांबा घेऊन, आणि सहा तारखेच्या रात्री परत. तिकीट काढून. नुसत्या घोषणांनी हे होणार नाही, रेल्वेला आकडा लागतो. किती माणसे, कोणत्या स्टेशनवरून, बायका किती, साठीच्या पुढची किती. प्रत्येक विहाराने नोंदवही ठेवावी आणि सगळ्यांची यादी एकत्र करून ऑक्टोबरच्या आत पुणे विभागाच्या कार्यालयात अर्जासोबत द्यावी, पोच घ्यावी. आपल्या विहारातली वही पुस्तकांच्या कपाटावर ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर नाव लिहून जावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे नाव शेजारच्याने लिहावे.

जय भीम!