अडथळ्यांची शर्यत आणि मांडव्याचा धावपटू

आमच्या भोपाळातील महाराणा प्रताप नगरात स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांची दाटी आहे. पदवी हीच उन्नतीची वाट, ही आपल्या मराठी-कोंकणी कुटुंबांची श्रद्धा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे, हे दाखविणारा एक इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

तो इतिहास स्टीपलचेस ह्या शर्यतीचा होय. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. आपल्याकडे वाटसरू देवळाचा कळस पाहून गावाची दिशा धरतो. त्याचप्रमाणे आयर्लंड व इंग्लंडातील घोडेस्वार दूरच्या मनोऱ्यावर नजर ठेवून, कुंपणे व ओढे ओलांडीत दौडत. 1850 साली ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हाच खेळ पायी खेळून पाहिला. पुढे त्यास नियमांची चौकट लाभली: 3,000 मीटर अंतर, 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. हर्डल्सच्या शर्यतीतील चौकट पाय लागताच कलंडते. येथील जाड तुळई मात्र जागची हलत नाही, पडतो तो धावणारा.

महाविद्यालयात जन्मलेल्या ह्या शर्यतीत नाव काढणारे अविनाश साबळे मात्र घडले ते पलटणीत. बीड जिल्ह्यातील मांडवा ह्या गावी 1994 साली एका कष्टकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर. ते अंतर पायीच तोडावे लागे. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. ही रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली, आणि तिचे केंद्र आमच्या मध्यप्रदेशात, सागर येथे आहे. सियाचीनचे हिम व राजस्थानचे वाळवंट अनुभवल्यानंतर सैन्याच्या क्रीडाशाखेत प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना ह्या शर्यतीकडे वळविले.

गोपाल सैनी यांचा 1981 मधील राष्ट्रीय विक्रम 37 वर्षे अबाधित होता. साबळे यांनी तो 2018 साली भुवनेश्वर येथे मोडला. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धांतील ह्या शर्यतीची सर्व पदके केनियाकडेच जात. 2022 साली बर्मिंगहॅम येथे साबळे यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच-शतांशाने. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्यांना सुवर्ण लाभले, आणि 2024 साली पॅरिस येथे त्यांनी 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी ते ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही धावले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 सालीच रिओ येथे महिलांची अंतिम फेरी गाठली होती.

मांडवा आणि मोही, दोन्ही गावे दुष्काळी मुलखातील. तेव्हा दारिद्र्यच विजेते घडविते, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तो युक्तिवाद मान्य नाही. तसे असते, तर एक विक्रम 37 वर्षे टिकता ना. कारण दारिद्र्याची वाण आपल्या देशात कधीच नव्हती. वाण होती ती पोटभर अन्नाची, धावपट्टीची आणि पारखी गुरूची. साबळे यांना हे सारे पलटणीने दिले. जो पलटणीत जात नाही, त्याला ते कोण देणार?

आपली अनेक देवस्थाने विद्यार्थ्यांना पुस्तके व शुल्क ह्यांसाठी साहाय्य देतात. त्याच निधीतून धावणाऱ्या एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या आहाराचा आणि बुटांचा खर्च उचलला, तर तेही विद्यादानच ठरेल, असे आमचे मत आहे.